वाजवणारा घरात नसताना

आवाजाच्या त्रासाचा विषय निघाला की आपली चर्चा डीजे, भोंगे, फटाके आणि हॉर्न यांच्याकडे जाते, आणि ती तिथे जायलाच हवी. पण या गदारोळात काही लहान आवाज कायम सुटून जातात. शेजारच्या बाल्कनीत टांगलेल्या विंड चाइमचा आवाज घ्या. किंवा जिथे शिडाच्या बोटी ओळीने उभ्या असतात अशा मरीनात धातूच्या डोलकाठ्यांवर रात्रभर आपटणाऱ्या दोरांचा. या दोन आवाजांत एक गोष्ट समान आहे. ते वाजत असताना त्यांना कुणीच वाजवत नसतं. वाजवतो तो वारा. ज्यानं ती वस्तू टांगली किंवा तो दोर सैल सोडला, तो झोपलेला असतो, बाहेरगावी असतो, नाहीतर काच बंद करून एसीत बसलेला असतो.

माझं म्हणणं असं आहे की अशा आवाजाच्या बाबतीत तो किती डेसिबलचा आहे हा दुय्यम प्रश्न आहे. तो थांबवणं कुणाच्या हातात आहे, हा पहिला प्रश्न. जो हात लांबवून थांबवू शकतो त्याच्यावर थांबवण्याची जबाबदारी असावी. ती लेखी असावी, तिला मीटर लावावा लागू नये, आणि निदान रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत तिला अपवाद नसावा. हे हाउसिंग सोसायटीला लागू आहे तसंच मरीनालाही.

बोटींपासून सुरुवात करतो, कारण तिथे हा प्रश्न अधिक स्वच्छ दिसतो.

शिडाची बोट धक्क्याला लागते तेव्हा शिडं उतरवलेली किंवा गुंडाळलेली असतात. पण शीड वर चढवायचे दोर, ज्यांना हॅलयार्ड म्हणतात, ते डोलकाठीच्या टोकापासून पायथ्यापर्यंत तसेच लोंबत राहतात. त्यांच्यात थोडी जरी ढील राहिली तरी वारा त्यांना थरथरवतो आणि ते काठीवर आपटू लागतात. लाकडी काठीवर काथ्याचा दोर आपटला तर मऊ, बसका आवाज येतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र शौकाच्या बोटींना सर्रास अ‍ॅल्युमिनियमच्या काठ्या आल्या. ती लांबलचक पोकळ नळी असते. तिच्यावर पडलेला प्रत्येक ठोका घुमतो आणि पाण्यावरून लांबवर जातो. आता अशा दोन-चारशे बोटी शेजारी शेजारी आहेत असं समजा. प्रत्येकीचा दोर वेगळ्या लांबीचा, ढील वेगळी, ताल वेगळा. सगळ्यांचा मिळून एक ठेका बसला असता तर कानाला कदाचित सवय झाली असती. पण तो बसत नाही.

याच बोटींतून आणखी एक आवाज येतो, आणि तो वेगळा काढला पाहिजे. डोलकाठीला उभं धरून ठेवणाऱ्या ताणलेल्या तारांमधून वारा वाहतो तेव्हा त्या घोंगावतात. चेक शास्त्रज्ञ व्हिन्सेंट्स श्ट्रोहाल यांनी १८७८ मध्ये याचा नियम मांडला. वाऱ्याचा वेग जितका जास्त आणि तार जितकी बारीक तितका सूर चढा. साधारण ०.२ या आकड्याला वेगानं गुणून तारेच्या जाडीनं भागलं की कंपनसंख्या मिळते. पाच मिलिमीटरची तार आणि सेकंदाला १२ मीटर वारा असेल तर ती येते सुमारे ४८०, म्हणजे माणसाच्या गाण्याच्या पट्टीतली. बोफोर्टच्या वाराश्रेणीत सहाव्या पायरीची जमिनीवरची एक खूणच अशी आहे की टेलिग्राफच्या तारा शीळ घालताना ऐकू येतात. हे घोंगावणं कुणालाही बंद करता येत नाही. काठी उभी आहे, तार ताणलेली आहे, वारा आहे, तोवर ते होणारच. पिंपळाच्या पानांची सळसळ किंवा भरतीची गाज यांच्याबद्दल कुणी तक्रार करू नये, तशीच या शिळेबद्दलही करू नये.

आपटणाऱ्या दोराचं तसं नाही. तो दोर काठीपासून बाजूला ओढायचा आणि लवचिक दोरीच्या तुकड्यानं शेजारच्या आधारतारेला बांधून टाकायचा, एवढाच त्याचा इलाज. मिनिटा-दोन मिनिटांचं काम आहे. शिवाय आपटण्यानं काठीचा वरचा थर आणि दोर दोन्ही झिजतात, म्हणजे बांधण्यात मालकाचाही फायदा आहे. ब्रिटनमधल्या मरीनांच्या करारांत म्हणूनच सर्रास एक कलम असतं, की हॅलयार्ड इतरांना उपद्रव होणार नाही असे बांधून ठेवावेत. कलम आहे, उपाय फुकटात जमा आहे, तरी ठोके वाजतात. याचं कारण साधं आहे. मालक रविवारी संध्याकाळी बोट सोडून घरी जातो आणि वारा मंगळवारी रात्री सुटतो.

साउदॅम्प्टनच्या बाजूला राहणारं एक मराठी कुटुंब माझ्या परिचयाचं आहे. पाण्याकाठी घर हवं म्हणून त्यांनी बरीच वर्षं पैसे साठवले. घर विकणाऱ्याच्या माहितीपत्रकावर डोलकाठ्यांचंच चित्र होतं, आणि उन्हाळ्यातल्या ज्या दुपारी त्यांनी ते घर पाहिलं तेव्हा वारा पडलेला होता. पहिल्या शरद ऋतूतल्या वादळात त्यांना कळलं की चित्रातल्या काठ्यांना आवाजही असतो. त्यांनी चौकशी केली तेव्हा जे उत्तर मिळालं ते अशा प्रत्येक वादात मिळतं. बोटी आधीपासून आहेत, तुम्ही नंतर आलात.

हा ‘आधी कोण आलं’चा युक्तिवाद गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्यात अर्धं तथ्य आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर गेल्या चार-पाच दशकांत मरीना आणि घरं एकत्रच वाढली. ब्रायटनचा मरीना १९७९ साली सुरू झाला आणि पुढे त्याच्या पोटात वस्ती आली. पोर्ट्समथजवळच्या पोर्ट सोलंटमध्ये तर घराच्या अंगणालाच बोट बांधायची सोय आहे. इंग्लिश कायद्यानं मात्र ‘तू नंतर आलास’ हा बचाव फार पूर्वीपासून मान्य केलेला नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये, मोटारशर्यतींच्या एका मैदानाच्या खटल्यात, ते पुन्हा सांगितलं. दुसरीकडे नगररचनेच्या धोरणात २०१८ पासून उलट दिशेचं तत्त्व आलं. जो नवीन बांधकाम करतो त्यानंच जुन्या उद्योगाच्या आवाजापासून आपल्या रहिवाशांची सोय करावी, जुन्या उद्योगावर नवे निर्बंध लादू नयेत.

ही दोन्ही तत्त्वं मला पटतात, कारण ती दोन वेगळ्या आवाजांसाठी आहेत. क्रेनचा आवाज, इंजिनाचा आवाज, तारांची शीळ हे मरीनाचे अटळ आवाज आहेत. ते आधीपासून आहेत, ते राहतील, आणि त्यांच्यासाठी घरं बांधणाऱ्यानं दुहेरी काचा बसवाव्यात. सैल दोराचा ठोका हा मात्र मरीनाचा उद्योग नाही. त्यावाचून एकही बोट अडत नाही. तो निव्वळ दुर्लक्षाचा आवाज आहे. माणूस आधीपासून दुर्लक्ष करत आला म्हणून त्याला ते पुढे चालू ठेवण्याचा हक्क मिळत नाही.

दर्यावर्दी माणसांना हा आवाज प्रिय असतो, हे मी जाणून आहे. समुद्रावर असताना दोर आणि तारा बोलतात आणि चालवणारा ऐकतो. कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. अशा प्रवासात रात्री डुलकी लागलेली असताना दोराचा सूर बदलला की उठून बाहेर यावं लागतं. त्या माणसासाठी तो आवाज ही बातमी असते आणि तिच्यावर त्याचा जीव अवलंबून असतो. पण मंगळवारच्या रात्री मरीनात उभ्या असलेल्या रिकाम्या बोटीवर ती बातमी घ्यायला कुणी नसतं. ती पलीकडच्या इमारतीत जाते, जिथल्या माणसांना तिचं काहीच करता येत नाही.

म्हणून मरीनाच्या कर्मचाऱ्यांना, मालक नसताना, फक्त दोर बांधण्यापुरतं बोटीवर पाय ठेवायचा अधिकार करारातच दिला पाहिजे. खाजगी मालमत्तेत घुसणं म्हणून याला विरोध होईल. पण पुराच्या पाण्यात वाहू लागलेली बोट कर्मचाऱ्यानं बांधली तर कुणी तक्रार करत नाही. शेकडो लोकांची झोपही तेवढ्या सवलतीला पात्र आहे.

आता बाल्कनीकडे येऊ.

विंड चाइम आपल्याकडे फेंगशुईच्या दुकानांतून आली, पण या वस्तूचा सगळ्यात समजूतदार वापर मला जपानमध्ये दिसतो. तिथल्या फूरिनचा, म्हणजे वाऱ्यावर वाजणाऱ्या छोट्या घंटेचा, उगम बौद्ध मंदिरांच्या छताच्या कोपऱ्यांना लटकणाऱ्या घंटांमध्ये आहे. पुढे एदो, म्हणजे आजच्या तोक्योत, आतून रंगवलेल्या काचेच्या फूरिन होऊ लागल्या. उत्तरेकडच्या इवाते भागात ओतीव लोखंडाच्या नांबू फूरिन होतात. त्यांचा नाद बारीक आणि लांबणारा असतो. मिझुसावा रेल्वे स्थानकावर उन्हाळ्यात या फूरिन टांगतात आणि १९९६ मध्ये जपानच्या पर्यावरण खात्यानं देशातले जतन करण्याजोगे शंभर ध्वनी निवडले तेव्हा त्यांत त्या स्थानकाच्या फूरिनचा समावेश केला. सरकारनंच एखादा आवाज जपण्यासारखा म्हणून नोंदवावा ही मला मोठी गोष्ट वाटते. आवाजाचं धोरण म्हणजे नुसती बंदी नव्हे, हे त्यातून दिसतं.

आणि तरीही त्याच जपानमध्ये फूरिनवरून शेजाऱ्यांच्या तक्रारी होतात. तोडगा मात्र त्यांच्या प्रथेतच आहे. फूरिन उन्हाळ्याची आहे. दमट उकाड्यात झुळूक आली हे कानाला कळावं, त्यानं मनाला गार वाटावं, यासाठी ती असते. उन्हाळा सरला की ती उतरवून ठेवायची. शरदात, थंडीत टांगलेली फूरिन तिथे अवेळी मानतात.

आपल्याला हे परकं वाटू नये. रागाला वेळ असते असं मानणारं संगीत आपलं आहे. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी, भैरव पहाटे. हा मुद्दा मी मुद्दाम काढतो, कारण चांगल्या चाइम बनवणारे त्या बहुधा पाच स्वरांत जुळवतात. अमेरिकेत गॅरी क्विस्टाड या तालवादकानं १९७९ मध्ये वुडस्टॉक चाइम्स ही कंपनी काढली. एका प्राचीन ग्रीक स्वरमालिकेवर त्यानं पहिली चाइम जुळवली आणि त्यातून पुढे मोठा व्यवसाय उभा राहिला. बाजारात मिळणाऱ्या अनेक चाइमचे पाच स्वर सा रे ग प ध असतात, म्हणजे थेट भूपाचे. वाऱ्यानं कुठल्याही दोन नळ्या एकत्र वाजवल्या तरी त्या एकमेकींना खटकू नयेत, हा त्यामागचा विचार. नळी टांगायचं भोकही मोजून पाडतात, टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर, कारण मूळ सुरात कंप पावताना नळी तिथेच स्थिर असते आणि नाद दाबला जात नाही. ही कारागिरी मला मनापासून आवडते.

चाइमवाले म्हणतात, इतका मधुर आवाज त्रासाचा कसा असेल? माझं उत्तर असं की माधुर्यानं हा प्रश्न सुटत नाही, उलट थोडा बिकट होतो. कान स्वर ओळखतो. ओळखलेल्या स्वराची पुढची जागा तो शोधू लागतो. सा आणि ग वाजले की प कधी येईल याची वाट मन नकळत पाहतं, आणि वारा ती जागा कधी घेतो, कधी घेत नाही. पंख्याची घरघर या अर्थानं निरर्थक आहे, म्हणून तिच्यात झोप लागते. अर्धवट सुटलेल्या चिजेत ती लागत नाही.

अवेळी, अनियमित आणि आपल्या ताब्यात नसलेला आवाज माणसाला कसा थकवतो, यावर अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी लोकांना मोठे आवाज ऐकवत काम दिलं. काहींना आवाज ठरावीक अंतरानं यायचा, काहींना कधीही. आवाज बंद झाल्यावर त्यांना न सुटणारी कोडी सोडवायला दिली. ज्यांना आवाज अनियमित आला होता त्यांनी लवकर हात टेकले. आणखी एका गटाला एक बटण दिलं होतं. नकोसं झालं तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका, असं सांगितलं होतं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही ती माणसं पुढच्या कामात अधिक काळ टिकली. कानावर पडलेला आवाज तोच होता. फरक इतकाच, की थांबवायची सोय आपल्या हाताशी आहे हे त्यांना माहीत होतं.

माझा सगळा युक्तिवाद या बटणावर उभा आहे. चाइमच्या मालकाकडे बटण आहे. त्याला आवाज नको झाला तर तो उठून तिचा लोलक, म्हणजे नळ्यांवर आपटणारा मधला तुकडा, बांधतो. वरच्या, खालच्या, समोरच्या घरातल्या माणसाकडे ते नाही. म्हणूनच मालक अगदी प्रामाणिकपणे म्हणतो, “मला तर काही त्रास होत नाही,” आणि शेजारी तितक्याच प्रामाणिकपणे रात्रभर जागा असतो.

आपला कायदा या बाबतीत फारशी मदत करत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. पण हे आकडे वेळेच्या सरासरीचे आहेत. हिशोब करून पाहा. समजा एक ठोका सेकंदाचा दहावा भाग टिकतो, तुमच्या खिडकीबाहेर तो ६५ डेसिबलचा आहे आणि दर दहा सेकंदांनी एक ठोका पडतो. म्हणजे शंभरातला एक भाग आवाज आणि नव्व्याण्णव भाग शांतता. सरासरी काढताना २० डेसिबल गळून जातात आणि कागदावर ४५ उरतात. सगळं नियमात. पण झोप सरासरीनं मोडत नाही, ठोक्यानं मोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेनं म्हणूनच झोपायच्या खोलीत रात्रीच्या एकेका आवाजाचीही मर्यादा सांगितली आहे, ४५ डेसिबल. उघड्या खिडकीतून आत येताना आवाज १५ डेसिबलनं कमी होतो असं ती धरते. म्हणजे आपला ६५ चा ठोका उशाशी ५० चा. सरासरी पास होते आणि माणूस जागा राहतो. त्यात आपल्या नियमांनुसार मर्यादा दहा डेसिबलनं ओलांडली गेली की मग तक्रारीचा रस्ता उघडतो. रात्रीच्या निर्बंधांच्या उल्लंघनाबद्दलही तक्रार करता येते, पण ते निर्बंध लिहिताना डोळ्यांपुढे होते ते भोंगे, हॉर्न आणि फटाके.

ब्रिटनमध्ये कारखान्यांच्या आणि दुकानांच्या आवाजाचं मूल्यमापन करताना ठोक्यासारखा आवाज असेल तर नऊपर्यंत आणि सुरेल आवाज असेल तर सहापर्यंत डेसिबल वरून मिळवतात, कारण असे आवाज कान अधिक ओढून घेतात हे तिथे मान्य आहे. चाइम आणि डोलकाठी दोन्ही या दोन्ही कसोट्यांना लागतात. आपल्या नियमांत अशी भर हवी, असं मला वाटतं. पण त्यासाठी थांबून राहण्याचं कारण नाही, कारण हा प्रश्न पोलिसांकडे जाण्याच्या लायकीचा नाही आणि जाऊही नये. तत्त्व तर आपल्याकडे ठरलेलंच आहे. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २००५ च्या निकालात सांगितलं, की आपल्या हद्दीबाहेर जाऊन शेजाऱ्याला उपद्रव देईल असा आवाज स्वतःच्या घरातही करण्याचा हक्क कुणालाही नाही. उरतो तो अंमल, आणि त्याची जागा सोसायटी आहे.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत सभासदानं इतरांना उपद्रव, त्रास किंवा गैरसोय होईल असं काही करू नये, असं कलम आहेच. अडचण अशी की ते फार मोघम आहे. उपद्रव म्हणजे काय हे कमिटीनं ठरवायचं, म्हणजे कमिटीत ज्याची ओळख त्याच्या बाजूनं ठरायचं. आणि मोघम कलमाचा सोटा सहसा चुकीच्या पाठीवर पडतो. खाली खेळणाऱ्या मुलांवर, तबल्याचा रियाज करणाऱ्या मुलीवर, पहाटे खलबत्ता वाजवणाऱ्या आजींवर.

म्हणून मी रेषा दुसरीकडे ओढतो. मुलांच्या खेळाला, रियाजाला, पूजेतल्या घंटेला, कुकरच्या शिट्टीला करणारा माणूस असतो. तो जागा असतो, त्याला काहीतरी साधायचं असतं आणि ते साधलं की आवाज थांबतो. त्याच्याशी बोलता येतं. “बेटा, बाबांची परीक्षा आहे उद्या, आज जरा लवकर आटप,” असं म्हणता येतं. शहरात एकत्र राहायचं तर हे आवाज सोसलेच पाहिजेत, आणि जी सोसायटी मुलांच्या खेळावर बंदी घालते तिच्याबद्दल मला तळमळून वाईट वाटतं. मी म्हणतो ते निर्बंध फक्त अशा आवाजांना, ज्यांना त्या क्षणी कर्ता नाही आणि ज्यांना स्वतःहून शेवट नाही. विंड चाइम, सैल पत्रा, बाल्कनीत बांधलेली फडफडणारी ताडपत्री, वाऱ्यानं आपटणारं गच्चीचं दार, मालक गावाला गेल्यावर रात्रभर कोकलणारा गाडीचा अलार्म. या सगळ्यांना एकच कसोटी लावता येते. मालक झोपलेला असताना किंवा घरात नसताना हा आवाज चालू राहतो का, आणि तो थांबवायला किती कष्ट पडतात?

शहरात डीजे चालतो, मिरवणुका चालतात, आणि तुम्ही एका चाइमच्या मागे लागलात, हा आक्षेप मी ओळखून आहे. त्याचं वजन मी नाकारत नाही. पण डीजेविरुद्ध कायदा आहे, न्यायालयं आहेत, वर्षानुवर्षं झगडणाऱ्या संस्था आहेत. तो उत्सवाच्या काही रात्रींना वाजतो. चाइम जूनमध्ये पावसाचा वारा सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत जवळजवळ रोज वाजते आणि तिच्याविरुद्ध बोलणारा माणूस एकटा असतो. शिवाय गणपतीच्या मंडळाला आवाज कमी करायला सांगण्याची हिंमत कुठून येणार, जर वरच्या मजल्यावरच्या ओळखीच्या माणसाला आपण एक लोलक बांधायला सांगू शकत नसू?

“खिडकी लावून घ्या” हा दुसरा सल्ला. कोकणात किंवा मुंबईत मे महिन्यात खिडकी लावायची म्हणजे एसी लावायचा. ज्याच्याकडे तो नाही त्यानं उकडून घ्यायचं. एका घराच्या शोभेचा खर्च दुसऱ्या घराच्या वीजबिलात का पडावा? “सवय होते” हेही खरं नाही. सवय एकसारख्या आवाजाची होते. ज्या आवाजाची पुढची वेळ ठाऊक नसते त्याची होत नाही.

सर्वांत अवघड गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेत दिवंगत माणसाच्या आठवणीत विंड चाइम भेट देण्याची पद्धत रूढ आहे, आणि आपल्याकडेही ती वस्तू कुणाच्या तरी हातानं टांगलेली असू शकते. मुलगी परदेशी जाताना लावून गेलेली, पतीनं शेवटच्या दिवाळीत आणलेली. ती वाजली की घरात कुणीतरी आहे असं वाटतं. अशा चाइमबद्दल लिफ्टमध्ये नोटीस लावणं हा क्रूरपणा आहे. तिथे दिवसा, बेल वाजवून, समोर बसून बोलावं. “काकू, दिवसा राहू दे हो, छान वाटतं. रात्री तेवढा तिचा लोलक बांधून ठेवाल का? मला झोप लागत नाही.” बहुतेक काकू बांधतात. काही बांधत नाहीत, आणि त्यांच्यासाठी लेखी नियम लागतो. तो नियम काकूंना वाईट ठरवण्यासाठी नाही. सांगणाऱ्याला वाईटपणा घ्यावा लागू नये, यासाठी आहे. नियमच नसला की प्रत्येक विनंती व्यक्तिगत होते आणि प्रत्येक नकार भांडण होतो.

तो नियम चार ओळींत मावतो. वाऱ्यानं आपोआप वाजणारी कोणतीही वस्तू बाल्कनीत, खिडकीबाहेर किंवा सामाईक जागेत असेल तर रात्री दहा ते सकाळी सहा ती मालकानं बांधून ठेवावी. घर एका दिवसाहून जास्त बंद राहणार असेल तर ती उतरवून आत ठेवावी. एखाद्या शेजाऱ्यानं विनंती केली तर कारण किंवा मोजमाप न मागता ती रात्रीपुरती मान्य करावी. दिवसा टांगायला हरकत नाही.

आपल्या किनाऱ्यावर पर्यटनासाठी मरीना बांधण्याच्या योजना अधूनमधून पुढे येतात. गोव्यात नावशीच्या मरीनाला स्थानिकांचा विरोध आहे आणि त्यांचे मासेमारीचे, खाडीचे प्रश्न या लेखाच्या विषयापेक्षा कितीतरी मोठे आहेत. पण ज्या कुठल्या ठिकाणी मरीना होईल, तिथे दोर बांधायचं कलम आणि कर्मचाऱ्यांना बोटीवर चढायचा अधिकार पहिल्या करारातच असावा. इंग्लंडमध्ये घरं विकून झाल्यावर जे भांडण सुरू झालं, ते इथे टाळता येईल.

सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. आमच्या सभेसाठी वरच्या चार ओळी मी ठराव म्हणून लेखी देणार आहे. ज्यांच्या बाल्कनीत चाइम आहे त्यांच्याकडे तो कागद मी सभेच्या आधी स्वतः घेऊन जाईन आणि त्यांना शब्द बदलावेसे वाटले तर बदलून घेईन. त्यांच्यापैकी एकानं त्याला अनुमोदन द्यावं, असा माझा प्रयत्न राहील.